टाइमझोन विचारला, पण कोणाचा? नागपूरच्या एका गाण्याच्या क्लासचं प्रकरण

मंगळवार, ११ मार्च २०२५. धरमपेठेत गाणं शिकवणाऱ्या ताई सकाळी साडेसहाला तानपुरा लावून लॅपटॉपसमोर बसल्या आणि पावणेसात झाले तरी स्क्रीनवर एकही पोरगं नाही. सहा मुलांची बॅच, सगळी न्यू जर्सीची, तिकडे सोमवारची रात्र. क्लासचं सॉफ्टवेअर आमचं, म्हणून ताईंनी मला फोन केला, "अरे, पोरं काऊन नाही आली? तिकडे काही झालं का?" मी तेव्हा झोपेतून उठूनच राहिलो होतो, म्हटलं ताई बघतो, नेट गेलं असेल कोणाचं. पण सहाच्या सहा घरांचं नेट एकाच वेळी जात नाही हे बोलताबोलताच लक्षात आलं.

मग ताईंनी व्हॉट्सॲप उघडलं. रियाजाच्या वेळी त्या फोन सायलेंटवर ठेवतात, त्यामुळे तोवर पाहिलंच नव्हतं. पालकांचे मेसेज पावणेसहापासून पडलेले, "ताई आम्ही आठ वाजता जॉइन झालो, वीस मिनिटं वाट पाहिली, तुम्ही आला नाहीत, तब्येत बरी आहे ना?" म्हणजे मुलं आली होती, शिस्तीत आली होती, आमच्या रिमाइंडर मेलमध्ये जी वेळ लिहिली होती त्याच वेळी आली होती. ती वेळच चुकीची होती.

आमची तिघांची टीम, परसोडीच्या आयटी पार्कजवळ एक छोटं ऑफिस. गाणं, तबला, कथक शिकवणाऱ्यांसाठी क्लास बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो, शिक्षक वेळ टाकतात, विद्यार्थ्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते, एक दिवस आधी आणि एक तास आधी मेल जातो. ताई आमच्या पहिल्या ग्राहकांपैकी, आणि त्यांचे निम्मे विद्यार्थी बाहेरदेशी. म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहून ठेवतोय, कारण यात जी चूक झाली ती मी नंतर दुसऱ्यांच्या फॉर्ममध्येही पाहिली आणि बहुतेक ठिकाणी ती अजून तशीच आहे.

आधी काय झालं ते. विद्यार्थ्याच्या नोंदणी फॉर्ममध्ये टाइमझोनचा ड्रॉपडाउन होता, त्यात जीएमटी उणे बारापासून अधिक चौदापर्यंत आकडे. न्यू जर्सीच्या पालकांनी डिसेंबर-जानेवारीत फॉर्म भरला, तेव्हा तिकडे हिवाळ्याची वेळ चालू होती म्हणून त्यांनी उणे पाच तास निवडलं. बरोबरच निवडलं, त्या दिवशी ते खरंच होतं. आम्ही तो आकडा डेटाबेसमध्ये ठेवला. नागपूरची सकाळची साडेसहा म्हणजे यूटीसी (जगभराची संदर्भवेळ, जीएमटीच समजा) रात्री एक, त्यातून पाच तास वजा केले की आदल्या दिवशी रात्री आठ. दोन महिने सगळं व्यवस्थित चाललं.

मग रविवारी ९ मार्चला अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली. तिकडे २००७ पासून हा नियम आहे, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. न्यू जर्सी आता यूटीसीच्या चारच तास मागे, पण आमच्याकडे लिहिलेला पाच तसाच. ताईंचे साडेसहा म्हणजे आता तिकडचे रात्री नऊ, आमचा मेल मात्र आठच सांगून राहिला होता. मुलं आठला आली, तेव्हा नागपुरात साडेपाच वाजले होते.

भारतात राहून सॉफ्टवेअर करणाऱ्याला हे सुचत नाही याचं कारण साधं आहे, आपल्याकडे घड्याळ हलतच नाही. दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं एक तास पुढे केलेलं होतं, १९४५ मध्ये परत आलं, आणि त्यानंतर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे म्हणजे साडेपाचच. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांत ज्या गोष्टीची गरज पडली नाही ती डोक्यात येणार कुठून. आपल्याला टाइमझोन म्हणजे एक आकडा वाटतो. तो आकडा नाहीच आहे, तो नियमांचा संच आहे, अमुक जागेचं घड्याळ कधी कुठे होतं आणि पुढे कधी हलणार त्याची वही. आकडा हे त्या वहीतलं आजचं पान फक्त.

ती वही खरोखर अस्तित्वात आहे. टीझेड डेटाबेस म्हणतात तिला, १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली, नंतर पॉल एगर्ट सांभाळत आले, आणि २०११ पासून ती आयानाकडे, म्हणजे इंटरनेटची नावं-आकडे सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. १९७० पासून ज्या भागात सगळ्यांची घड्याळं एकसारखी चालली त्या भागाला एक नाव, आणि नाव शक्यतो तिथल्या मोठ्या शहराचं. आख्ख्या भारताला एकच नाव, एशिया/कोलकाता. न्यू जर्सीला वेगळं नाव नाही, ते अमेरिका/न्यू_यॉर्कमध्ये येतं. तर पहिली दुरुस्ती सरळ होती, आकडा काढायचा आणि नाव ठेवायचं. त्याच दिवशी दुपारपर्यंत ती केली, सहाही घरांना फोन करून माफी मागितली, आणि वाटलं झालं.

झालं नव्हतं. खरी गडबड फॉर्मवर होती आणि ती आम्हाला पुढच्या तीन आठवड्यांत एकेक करून कळत गेली.

पहिली ताईंच्याच खात्यावर. नवीन ड्रॉपडाउनमध्ये चारशेच्या वर नावं, ती लोकांना शोधावी लागू नयेत म्हणून आम्ही ब्राउझरला विचारून आधीच निवडून ठेवत होतो. तर ताईंच्या क्रोमने सांगितलं एशिया/कलकत्ता. जुनं स्पेलिंग. टीझेड डेटाबेसमध्ये ते नाव जुनं म्हणून जपून ठेवलेलं आहे, दोन्हीचा अर्थ एकच, पण आमच्या यादीत फक्त कोलकाता होतं. जुळलं नाही, मग यादीतलं पहिलं नाव निवडलं गेलं, आणि अक्षरांच्या क्रमाने पहिलं येतं आफ्रिका/आबिदजान. आयव्हरी कोस्ट. तिथली वेळ यूटीसीच. ताईंनी सेव्ह दाबलं आणि त्यांच्या सकाळच्या बॅचपुढे रात्री एक वाजताची वेळ आली. त्यांनी मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "हे आबिदजान काय आहे?" यातून शिकलो ते असं की जुळलं नाही तर रिकामं ठेवा आणि माणसाला विचारा, कुठलंच नाव आपोआप बसू देऊ नका. आणि जुनी नावं नवीन नावांशी जोडणारी यादी त्याच डेटाबेससोबत मिळते, ती वापरा.

दुसरी फिनिक्सच्या मुलाची. चारशे नावं पाहून लोक गोंधळतात म्हणून अमेरिकेपुरते आम्ही सोपे पर्याय केले होते, ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक. फिनिक्सच्या बाबांनी माउंटन निवडलं, आणि आम्ही माउंटन म्हणजे अमेरिका/डेन्व्हर धरलं होतं. पण ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ हलवत नाहीत, नवाहो नेशन या मूळनिवासींचा भाग सोडला तर. हिवाळ्यात फिनिक्स आणि डेन्व्हर एकसारखे, मार्चनंतर एका तासाचा फरक. म्हणजे सोपं करायला गेलो आणि ज्या माणसाने बरोबर उत्तर दिलं त्यालाच चुकीची वेळ पाठवली. तो भला माणूस होता, म्हणाला इथे राहणाऱ्यांना याची सवय असते.

तिसरी माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर.

लक्ष्मीनगरचे एक आजोबा. नात न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, वय वर्षं नऊ, आणि तिला गाणं शिकवायची इच्छा आजोबांची, म्हणून फॉर्म त्यांनी भरला, फी त्यांनी यूपीआयने भरली, सगळं नागपुरातून. ब्राउझरने सांगितलं एशिया/कोलकाता, आजोबांनी पाहिलं, बरोबरच आहे म्हणून पुढे गेले. फॉर्मवर आमचा प्रश्न होता, "तुमचा टाइमझोन". त्यांनी त्यांचा दिला. नातीच्या आईला मेल गेला, क्लास मंगळवारी सकाळी साडेसहा, त्या बिचाऱ्या सोमवारी रात्रीचा क्लास सोडून मंगळवारी सकाळी शाळेच्या घाईत मुलीला उठवून बसल्या.

आजोबांनी चूक केली का? अजिबात नाही. आपल्याकडे हे असंच चालतं, क्लास लावतात आजी-आजोबा, नाहीतर मावशी, नाहीतर पुण्यातला काका जो कॉम्प्युटरमधलं बघतो, आणि शिकणारं पोरगं असतं तिसरीकडेच. फॉर्म भरणारा आणि क्लासला बसणारा हे एकच माणूस आहेत असं आम्ही गृहीत धरलं होतं, ते नागपूरच्या कुठल्याही घराला बघून गृहीत धरता आलं नसतं. ब्राउझर फार तर एवढं सांगतो की हे यंत्र कोणत्या वेळेवर लावलेलं आहे. ते सुद्धा नेहमी खरं नसतं, ऑफिसचा लॅपटॉप हेड ऑफिसच्या वेळेवर लावलेला असतो, कोणी सुट्टीत भारतात आलेलं असतं.

मग प्रश्नच बदलला. आता फॉर्मवर टाइमझोन हा शब्दच नाही. तिथे आहे, "शिकणारी व्यक्ती कोणत्या शहरात राहते?" आणि टाइप करायला एक खिडकी. जिओनेम्स या साइटवरची शहरांची यादी फुकट मिळते, पंधरा हजारांच्या वर लोकसंख्येची शहरं, प्रत्येकापुढे टाइमझोनचं नाव दिलेलं, ती घेतली आणि नेहमी लागणाऱ्या शहरांची मराठी नावं हाताने टाकली. एडिसन लिहिलं की न्यू_यॉर्क मागे आपोआप बसतं, नागपूर लिहिलं की कोलकाता. शहरापुढे राज्य आणि देश दाखवायचाच, कारण पोर्टलंड ओरेगनमध्येही आहे आणि मेनमध्येही आणि दोन्हींत तीन तासांचा फरक, आणि लंडन लिहिणारा कॅनडातल्या ऑन्टारिओच्या लंडनचाही असू शकतो, तिकडे आपली शिकायला गेलेली पोरं कमी नाहीत.

आणि शहर निवडल्यावर खाली एक ओळ येते. "एडिसनमध्ये आत्ता रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं झालीत, बरोबर?" खाली हो आणि नाही. या एका ओळीने जेवढं काम केलं तेवढं आमच्या सगळ्या कोडने केलं नाही. कारण यूटीसीपासून आपण किती तास दूर हे शंभरातल्या दोघांना माहीत असेल नसेल, पण आत्ता तिकडे किती वाजले हे नातीशी रोज बोलणाऱ्या आजोबांना चोख माहीत असतं. जे माणसाला येतं तेच विचारावं.

ब्राउझरचा अंदाज पूर्ण टाकला नाही, तो सूचना म्हणून ठेवला. आणि नंतर कधी दिसलं की नोंदवलेलं शहर एक आणि लॅपटॉपची वेळ दुसरी, तर गुपचूप बदल करत नाही, वर एक पट्टी येते, "तुम्ही सध्या दुसऱ्या ठिकाणी दिसताय, क्लासच्या वेळा तिथल्या घड्याळाप्रमाणे दाखवायच्या का?" उन्हाळ्यात नागपूरला आलेल्या दोन कुटुंबांनी ते वापरलं.

हे सगळं करताना कोडमध्ये आणखी दोन गोष्टी सापडल्या, त्या थोडक्यात सांगतो कारण भारतीय टीमला त्या हमखास भेटतात. आमच्या ॲडमिन स्क्रीनवर कधीकधी हाताने वेळ टाकायचो, शेवटी आयएसटी, म्हणजे आपली भारतीय प्रमाणवेळ, असं लिहून. पण आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसीच्या दोन तास पुढे. साडेसहा आयएसटी लिहिलं की ते आपल्या सकाळच्या दहाला जाऊन बसतं, आणि एरर काहीच येत नाही. हीच तीन अक्षरं आयर्लंडही वापरतो, आणि सीएसटी अमेरिकेच्या मध्य भागाचीही आहे आणि चीनचीही. तीन अक्षरांची नावं वाचायला ठेवा, इनपुट म्हणून कधीच घेऊ नका.

दुसरी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली. एका जुन्या स्क्रिप्टमध्ये पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी वापरून टाइमझोन थेट तारखेला चिकटवलेला होता, आणि तिथून जाणारा रिमाइंडर तेवीस मिनिटं लवकर जायचा. तेवीस हा आकडा कुठून आला हे शोधण्यात माझी एक रात्र गेली. एशिया/कोलकाताच्या वहीतलं पहिलं पान प्रमाणवेळ यायच्या आधीचं आहे, कलकत्त्याची सूर्याप्रमाणे चालणारी स्थानिक वेळ, यूटीसीच्या पाच तास त्रेपन्न मिनिटं पुढे, आणि तसं थेट चिकटवलं की पायटीझेड तेच पान उचलतं. पायटीझेडचं लोकलाइज हे फंक्शन वापरायचं असतं, नाहीतर पायथन ३.९ पासून त्यातच झोनइन्फो आहे, तिथे हा त्रास नाही. त्या रात्री सहज नागपूरची सूर्याची वेळ काढून पाहिली. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, मिर्झापूरजवळची, आणि नागपूर साधारण ७९.१ वर, म्हणजे आपण जवळजवळ चौदा मिनिटं मागे. झिरो माइलच्या दगडाजवळ घड्याळात बारा वाजतात तेव्हा सरासरीने सूर्याचे पावणेबारा होऊन एखादा मिनिट झालेला असतो. लहानपणापासून ज्या रस्त्याने गेलो तिथली वेळ मला या बगमुळे कळली, आणि मनापासून आवडली.

एवढं सगळं झाल्यावरही एक प्रश्न उरला होता आणि तो कोडने सुटणारा नव्हता. वेळ कोणाच्या घड्याळाला बांधलेली आहे?

ताईंच्या बॅचचंच घ्या. मार्चमध्ये तिकडचं घड्याळ हललं, तर आता क्लास नागपूरच्या साडेसहाला राहणार आणि मुलांकडे नऊ वाजणार, की मुलांकडे आठच राहणार आणि ताईंना साडेपाचला बसावं लागणार? आम्ही कोणाला न विचारता नागपूरचं घड्याळ खरं धरलं होतं, कारण वेळ ताईंनी टाकली होती. मी ताईंकडे गेलो, कागदावर दोन्ही मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अरे, नऊ वर्षांची पोरं रात्री नऊला काय गातील, त्यांना झोपायचं असतं. माझं काय, एप्रिल-मे महिन्यात नागपुरात पाच वाजताचाच वारा गार असतो, मी उठलेलीच असते." ठरलं, या बॅचला मुलांचं घड्याळ मालक. न्यू जर्सीचे रात्री आठ पक्के, नागपुरात उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा.

शनिवारच्या मोठ्यांच्या बॅचचं उलट झालं. त्यात न्यू जर्सीचे लोक आहेत आणि लंडनचेही, इंग्लंडचं लंडन. नागपुरात रात्री साडेआठ. अमेरिकेचं घड्याळ ९ मार्चला हललं, युरोपचं ३० मार्चला, तिकडे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलवतात. मधले तीन आठवडे या दोन शहरांत पाचऐवजी चारच तासांचा फरक राहतो. न्यू जर्सीला मालक केलं तर लंडनवाल्यांची वेळ त्या तीन आठवड्यांपुरती तीनवरून दोनवर येऊन परत तीनला जाणार, म्हणजे कोणाच्याच लक्षात राहणार नाही. तिथे नागपूरचं घड्याळ मालक ठेवलं, जे हलतच नाही. न्यू जर्सीला दहाचे अकरा झाले, लंडनला तीनचे चार, प्रत्येकाकडे एकदाच बदल.

म्हणून आता प्रत्येक क्लाससोबत आम्ही तीन गोष्टी ठेवतो, घड्याळातली वेळ, टाइमझोनचं नाव, आणि हे घड्याळ कोणाचं. यूटीसी त्यातून काढतो, पुढच्या आठ आठवड्यांपुरतं, आणि टीझेड डेटाबेसची नवीन आवृत्ती आली की परत काढतो. झालेल्या क्लासची नोंद मात्र यूटीसीत, ती आता बदलणार नाही. भविष्यातली वेळ यूटीसीत गोठवून ठेवणं मला आता चुकीचंच वाटतं, कारण सरकारं नियम बदलतात, मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळ हलवणं बहुतेक देशभर बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये परत सुरू केलं. सर्व्हरवरची वही जुनी राहिली तर नाव बरोबर असूनही उत्तर चुकतं, म्हणून ती अपडेट करायचं काम आता आमच्या महिन्याच्या कामांत लिहिलेलं आहे. कॅलेंडरचं आमंत्रण पाठवतानाही दर आठवड्याच्या क्लासला टाइमझोनचं नाव घालूनच फाइल करतो.

आणि घड्याळ हलायच्या दहा दिवस आधी मेल जातो. तो मेल ताईंनी लिहून दिला, आम्ही लिहिलेला त्यांना कोरडा वाटला. त्यात दोन्हीकडच्या वेळा असतात, जुनी आणि नवी, आणि ज्यांच्याकडे काहीच बदलत नाही त्यांनाही जातो, "तुमच्याकडे बदल नाही" असं स्पष्ट सांगून, कारण फिनिक्सच्या बाबांनी ते मागितलं होतं.

२ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेतली घड्याळं परत मागे आली. मंगळवारी ४ तारखेला मी सहालाच उठून लॉग उघडून बसलो होतो. सहा वाजून सव्वीस मिनिटांनी पहिली आली ती एडिसनची नात, मग एकेक करत बाकीची, साडेसहाला ताईंनी सा लावला तेव्हा सगळी होती. आजोबाही लक्ष्मीनगरहून ऐकायला जॉइन झाले होते, त्यांच्या स्क्रीनवर नागपूरची वेळ, नातीच्या स्क्रीनवर तिची.